सिरॉसिस झालेल्या वडिलांना पेज आणि उकडलेली भाजी एवढंच द्यायचं का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांविषयी विचारलं आहे. वडील ६३ वर्षांचे. गेल्या पावसाळ्यात पोटात पाणी झालं, पाय सुजले, तपासण्यांत लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आक्रसणं, निघाला. दारू तेव्हापासून बंद आहे. डॉक्टरांनी ‘मीठ कमी, हलकं खा’ असं सांगितलं आणि घरच्यांनी चार नातेवाइकांना विचारून मासे, अंडी, डाळ, तेल, नारळ सगळंच बंद करून टाकलं. सध्या सकाळी सातला चहा, दहाला पेज, दुपारी भात नि उकडलेली भाजी, चारला चहा, रात्री साडेसातला पुन्हा पेज. वजन ७१ किलो, म्हणजे ‘घटलेलं नाही’. पण दंड बारीक झालेत, बसलेल्या जागेवरून उठताना हाताचा आधार लागतो. मासे पुन्हा कधी सुरू करायचे, की कायमचे सोडायचे? आणि चतुर्थीला काय करायचं?

मासे आजपासून सुरू करा. अंडी, डाळ, दही, उसळही. तुमच्या वडिलांना बंद ठेवायच्या गोष्टी मुख्यतः दोनच: दारू आणि जास्तीचं मीठ. दारू तुम्ही बंद केलीच आहे, शाबास. मिठाबद्दल पुढे बरंच लिहिणार आहे. पण तुमच्या घरात आज सगळ्यात मोठी अडचण मिठाची नाही, उपासमारीची आहे. ‘लिव्हर’ म्हटलं की आपल्याकडे आधी एकेक पदार्थ ताटातून काढायला लागतात, आणि सिरॉसिसमध्ये हेच माणसाला लवकर खाली आणतं.

आधी ते ७१ किलो बाजूला ठेवू. पोटात आणि पायात साठलेलं पाणीही काट्यावर चढतं. पोटात मध्यम पाणी असेल तर साधारण १० टक्के आणि पायांवर सूज असेल तर आणखी ५ टक्के वजा करायचे, असा अंदाज आम्ही धरतो. म्हणजे ७१ मधून १५ टक्के गेले, उरले ६० किलो. तुमचे वडील आज ६० किलोचे आहेत. आजारापूर्वी ते किती होते हे तुम्हाला ठाऊक असेल, त्यावरून काय गेलं ते कळेल. जे गेलं त्यात मोठा वाटा स्नायूंचा आहे, आणि ते दंडावर दिसतंच आहे.

आता हिशोब. सिरॉसिसच्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ३० ते ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. ६० किलोला म्हणजे १८०० ते २१०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. तुम्ही लिहिलेल्या जेवणात दिवसभराचे मिळून दोनशे ग्रॅम तांदूळ धरले तर त्यातून १४-१५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. भाजीचे चार-पाच आणि चहातल्या दुधाचे तीनेक मिळवा. पंचवीसही भरत नाहीत. कॅलरी फार तर हजार. निरोगी माणूसही यावर महिनाभरात खंगेल.

स्नायूंचं एवढं कौतुक कशासाठी, तर आतड्यात तयार होणारा अमोनिया निकामी करण्याचं काम मुळात लिव्हरचं. लिव्हर थकलं की त्यातलं बरंचसं काम स्नायू उचलतात. स्नायू झिजले की अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस गोंधळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, सही वाकडी येते. शिवाय जंतुसंसर्ग झाला, हॉस्पिटलात राहावं लागलं, उद्या लिव्हर बदलायची वेळ आली, तर कोण तग धरतो हे बरंचसं अंगातल्या मांसावर ठरतं.

‘प्रथिनं दिली की अमोनिया वाढतो, डोक्यात जातो’ ही भीती तुमच्या घरी कोणी तरी घातली असणार. एके काळी डॉक्टरही हेच सांगत, जुन्या पुस्तकांत ते आहेही. आता ते मागे पडलं आहे. गोंधळण्याचा त्रास एकदा होऊन गेलेल्या पेशंटचीही प्रथिनं तोडत नाहीत. लॅक्टुलोज (पोट साफ ठेवणारं पातळ औषध) देऊन दिवसाला दोन-तीन मऊ शौचं होतील असं बघतात. अशा पेशंटला मटणापेक्षा दूध, दही, डाळी, उसळी जास्त मानवतात, म्हणून त्यांचा वाटा वाढवायचा, इतकंच. मात्र माणूस गुंगीत असेल, हाक मारल्यावर नीट उत्तर देत नसेल, तर तोंडात घास कोंबू नका. अन्न श्वासनलिकेत जातं. ती वेळ सरळ हॉस्पिटल गाठायची.

तुमच्या वेळापत्रकात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. रात्री साडेसातची पेज आणि सकाळी दहाची पेज यांत साडेचौदा तास जातात, मध्ये फक्त सातचा चहा. निरोगी लिव्हर म्हणजे घरातली कोठी: दिवसा त्यात साखर साठते आणि रात्री थोडी थोडी बाहेर येते. सिरॉसिसमध्ये ही कोठीच आक्रसलेली असते. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर त्याचं शरीर ज्या अवस्थेत जातं, त्या अवस्थेत सिरॉसिसचा माणूस एका रात्रीत पोचतो. साखर संपली की शरीर स्नायू तोडून ती बनवायला लागतं. रोज रात्री. म्हणून झोपण्यापूर्वी काही तरी पिष्टमय, साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील असं, खायलाच हवं. या एका सवयीने काही महिन्यांत फरक पडायला लागतो आणि तिला खर्च जवळजवळ शून्य आहे.

आपल्याकडे त्यासाठी नाचणीची तिजान आयती आहे. ३० ग्रॅम नाचणीचं पीठ, म्हणजे सपाट तीन-चार मोठे चमचे, पाण्यात कालवून शिजवायचं, घट्ट व्हायला लागलं की २०० मिली दूध घालायचं, चवीपुरता गूळ, वेलची. पारंपरिक तिजान नारळाच्या रसात होते, पण इथे दूध घेतलं तर सहा-सात ग्रॅम प्रथिनं जास्त मिळतात. सोबत एक केळं. नाचणीचे २१, दुधाचे १०, केळ्याचे २२: पन्नास भरले. मधुमेह असेल तर गूळ वगळा, केळं अर्धं करा आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कसं बसवायचं ते डॉक्टरांना विचारा. रात्रीचं खाणं वगळू मात्र नका. दिवसाही तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. पोटात पाणी असलं की दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, त्यामुळे मोठी तीन जेवणं जातच नाहीत. सहा छोटी जातात.

आता मीठ. पोटात पाणी असताना दिवसाला साधारण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सोडियम २ ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा, सगळ्या पदार्थांत मिळून. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक म्हणतात, ‘वरून घेतच नाही.’ वरून न घेऊन भागत नाही. गोव्याच्या स्वयंपाकघरात मीठ बरणीत असतं. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी भरून ठेवायची) सगळी सामग्री आठवा: सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे, मिठातली तोरं (कैऱ्या), आंब्याचं लोणचं, पापड. पावसाळ्याची बेगमी म्हणजे बहुतांशी मिठाचीच बेगमी. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजे मासे महागतात आणि नेमकी सुकी मासळी ताटात येते. पेजेसोबत एक चमचा किसमूर (सुक्या मासळीची कोरडी चटणी) नि तोराची फोड, एवढ्याने दिवसाच्या मिठाचा मोठा हिस्सा संपतो. सुकी मासळी गरम पाण्यातून दोनदा धुतली तरी पुरेसं मीठ जात नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती बंदच. चोरीसही (डुकराच्या मांसाचे खारवलेले सॉसेज) तसेच. बेकरीचा पाव आणि पोळ्यो (कोंड्याचे गोल पाव) यांत मीठ असतं हे कोणाच्या लक्षात येत नाही. दिवसाला दोन-तीन खाणाऱ्याने तेही मोजायला हवं. पोट फुगलं म्हणून पाण्यात फेसाळणारी पूड घेतात, तीत सोडियम असतं. ती नको.

आगरातलं जाडं मीठ, सैंधव, काळं मीठ यांतलं कुठलंही ‘चालतं’ असं नाही. सगळ्यांत सोडियमच आहे. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं ते तर मुळीच आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि पोटातलं पाणी उतरवायला दिलेली स्पायरोनोलॅक्टोनची गोळी शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढवते. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याच कारणाने ‘आडसराचं (शहाळ्याचं) पाणी लिव्हरला चांगलं’ म्हणून रोज दोन आडसरं पाजणं मला पसंत नाही. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणाले तर कधी तरी एखादं. तसंच, पाणी स्वतःहून तोडू नका. रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली गेलं तर पाणी मोजून देतात, एरवी तहानेपुरतं पिऊ द्या.

मोजायचं कसं? सकाळी चहाचा पाऊण चमचा मीठ एका छोट्या डबीत काढा. ती बाबांची दिवसाची डबी. उरलेला पाव चमचा दूध, मासे, पाव यांत आपोआप जातो असं धरा. त्यांची आमटी, भाजी, हुमण (माशाचं कालवण) मीठ घालण्याआधी वेगळी काढा आणि जेवायला बसल्यावर त्यांनी डबीतून स्वतः भुरभुरवायचं. वरून घातलेलं मीठ जिभेला लगेच लागतं, त्यामुळे थोडक्यात भागतं. संध्याकाळी डबी संपली तर संपली. भात, पेज, चपाती यांत मीठ घालायचंच नाही.

अळणी खाऊन माणूस जेवणच टाकतो, हेही मी पाहत आले आहे. मीठ कमी करण्याच्या नादात निम्मं जेवण ताटात राहत असेल, तर थोडं मीठ वाढवा पण जेवू द्या. चव आणायला आपल्याकडे साधनं भरपूर आहेत: बिंबलं, लिंबू, आलं, लसूण, मिरी, कोथिंबीर, तिरफळ. ताज्या बांगड्याच्या उडदमेथीत तिरफळ आणि आंबट नीट असेल तर मिठाची उणीव निम्मी जाणवत नाही. सोलं (आमसुलं) मात्र मीठ लावून वाळवलेली असतील तर धुऊन घ्या. तिखट-मसाला लिव्हरला वाईट, हाही गैरसमज. जळजळ होत नसेल तर नेहमीएवढा मसाला चालतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर नुकतीच बँड बसवली असेल तर काही दिवस मऊ खायचं, कडक भाकरी आणि काटे टाळायचे. सिरॉसिसमध्ये शरीरातलं झिंक कमी होतं आणि त्यानेही तोंडाची चव जाते, म्हणून ‘काहीच गोड लागत नाही’ ही तक्रार डॉक्टरांच्या कानावर घाला.

नारळ आणि तेल बंद करायची गरज नाही. काविळीत तेल वर्ज्य, या जुन्या समजुतीतून ते आलं असावं. खंगलेल्या माणसाला थोड्या अन्नात कॅलरी हव्या असतात आणि त्या स्निग्धातून मिळतात. आमटीत नेहमीसारखा नारळ वाटा.

नुस्त्याबद्दल, म्हणजे मासळीबद्दल, एकच कडक नियम: शिंपल्यातलं काहीही कच्चं किंवा अर्धकच्चं नको. कालवं, तिसऱ्यो, खुबे, शिनाणे, सगळं पूर्ण शिजलेलं. समुद्राच्या आणि खाडीच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ वल्निफिकस नावाचा जंतू असतो. धडधाकट माणसाला त्याने फार तर पोट बिघडेल, पण सिरॉसिसच्या माणसाच्या रक्तात तो शिरला तर जीव घेऊ शकतो. पायाला जखम असताना खाडीत उतरणंही म्हणूनच टाळावं. पावसात बुरशी आलेले शेंगदाणे आणि खोबरं निवडून ‘बरे’ वेगळे काढू नका, सगळेच फेका. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन लिव्हरच्या कॅन्सरला कारण होतं.

एक नमुना दिवस देते. असाच हवा असं नाही, प्रथिनांचा आकडा कसा भरतो ते दिसावं म्हणून. सकाळी सातला चहा किंवा कॉफी, दोन उकडलेली अंडी आणि दोन चपात्या: १७ ग्रॅम. दहाला पेज, पण सोबत वाटीभर मूग किंवा अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ: १०. दुपारी भात, दोन मध्यम ताजे बांगडे हुमणात किंवा तव्यावर, भाजी, वाटीभर दही: २८-३०. चारला चहा आणि मूठभर बिनमिठाचे भाजलेले चणे: ८-९. रात्री आठला दोन चपात्या, दाट डाळ, भाजी: १२-१३. दहाला तिजान आणि केळं: ८-९. बेरीज ८५ च्या आसपास जाते. आज २५ वर असलेल्या माणसाला उद्या एकदम ८५ देऊ नका, आठवड्याभरात चढवत न्या.

सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण हे तुमच्याकडे शिवराक (शाकाहारी) असणारच. त्या दिवशी मासे-अंडी जातात आणि त्यांच्या जागी काहीच येत नाही, नुसता भात-भाजीचा दिवस होतो. मुगागाठी (मोडाच्या मुगाची नारळातली उसळ), पनीर, जास्तीचं दही, सोयाबीन, दाट डाळ यांनी ती जागा भरा. निर्जळी किंवा एकभुक्त उपास तुमच्या वडिलांनी करायचा नाही. घरात कोणाला अवघड वाटत असेल तर डॉक्टरांनी मना केलंय असं माझ्या नावावर सांगा.

कॉफीचं विचारलं नाहीत, पण सांगते: दिवसाला दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत लिव्हर कडक होण्याचं आणि कॅन्सरचं प्रमाण कमी आढळतं. झोप बिघडत नसेल तर खुशाल द्या.

दारूविषयी एवढंच. सिरॉसिसनंतर सुरक्षित प्रमाण असं काही नाही. मार्च-एप्रिलमध्ये ‘उर्राक हलकी असते’ म्हणत कोणी तरी ग्लास पुढे करणारच. फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्के, उर्राकीत सुमारे १५. ६० मिली फेणीत २० ग्रॅम अल्कोहोल येतं, आणि १८० मिली उर्राकीतही तेवढंच. लिंबू-सोडा घातल्याने ते कमी होत नाही. सर्दीवर चमचाभर फेणी, पोटदुखीवर चमचाभर फेणी हेही बंद.

तसंच झाडपाल्याचं. काविळीचं औषध देणारा प्रत्येक तालुक्यात कोणी ना कोणी असतो आणि तो चांगल्या मनाने देतो याबद्दल शंका नाही. पण कशात काय आहे ते कळत नाही आणि त्यावर प्रक्रिया करायची असते ती आजारी लिव्हरनेच. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही पेशंटांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. गुळवेलीसारखी घरोघरची वेल असेल तर बाकीच्यांचं काय सांगावं! अंगदुखीला दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून देऊ नका, त्यांनी किडनी आणि पोटातलं पाणी दोन्ही बिघडतं.

हे सगळं तुमच्या वडिलांसारख्या, सिरॉसिस होऊन खंगलेल्या पेशंटसाठी आहे. सोनोग्राफीत नुसतं ‘फॅटी लिव्हर’ आलेल्या, पोट सुटलेल्या चाळिशीच्या माणसाने हे वाचून रात्री तिजान-केळं सुरू करू नये. त्याला उलट वजन ७ ते १० टक्के उतरवायचं असतं, साखर, थंड पेयं, बिअर सोडायची असते. तो वेगळा विषय.

वजन रोज सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर, वहीत. पाण्याच्या गोळ्या चालू असताना पायावर सूज असेल तर दिवसाला १ किलोपर्यंत, सूज नसेल तर अर्ध्या किलोपर्यंत उतरणं ठीक. त्याहून वेगाने उतरलं तर डॉक्टरांना कळवा. महिन्यातून एकदा डाव्या दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. पाणी दंडात सहसा साठत नाही, म्हणून तो आकडा काट्यापेक्षा खरं सांगतो. रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, ताप आणि पोटदुखी, किंवा वागण्या-बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही झालं तर थांबू नका. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल, त्याच रात्री. आणि हे पान तुमच्या डॉक्टरांना दाखवा. किडनीचा त्रास किंवा रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तर यातल्या काही गोष्टी ते बदलतील.

आता चतुर्थी. खतखतं त्यांनी जरूर खावं. मीठ घालण्याआधी त्यांची वाटी बाजूला काढायची आणि वर डबीतलं मीठ. पातोळ्या, मोदक, एखाद-दुसरी नेवरी (करंजी) चालेल, मधुमेह नसेल तर. मुगागाठी त्यांच्यासाठी जास्त करा, त्या दिवसांची प्रथिनं त्यातूनच यायची आहेत. लोणचं, पापड, बाहेरून आलेलं फरसाण त्यांच्या पानात वाढू नका. सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं ते वेळांवर: पूजा, आरती, नैवेद्य होईपर्यंत घरात कोणी खात नाही आणि दुपारचे दोन वाजतात. त्यांना सकाळी सातला दूध-केळं आणि दहाला उसळ देऊनच पूजेला बसवा. लॅक्टुलोज चालू असेल तर पाहुण्यांच्या गडबडीत ते चुकतं आणि दोन दिवस शौच झालं नाही की गोंधळ सुरू होतो, तेव्हा औषधाची बाटली देवघराशेजारी नजरेसमोर ठेवा आणि तिची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर टाका.